मर्दाना कमजोरीचा इलाज : बरं व्हायला किती दिवस लागतात?

मीरा रोडहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये, रुळांलगतच्या भिंतींवर, स्टेशनाबाहेरच्या खांबांवर एका प्रकारची जाहिरात हमखास दिसते. मर्दाना कमजोरी, शीघ्रपतन, धात, सगळ्यावर ठराविक दिवसांत गॅरंटीने इलाज. खाली मोबाईल नंबर. त्या नंबरावर फोन करणारा कधी नुकताच निकाह झालेला तरुण असतो, कधी अकरा महिने गल्फमध्ये राबून एका महिन्याच्या सुट्टीवर आलेला नवरा असतो, कधी दहा वर्षांपासून शुगरच्या गोळ्या खाणारा पन्नाशीतला दुकानदार असतो. तिघांचा प्रश्न एकच: बरं व्हायला किती दिवस लागतील?

तिघांच्या तक्रारीचं कारण वेगळं आहे, म्हणून तिघांचं उत्तरही वेगळं आहे. जाहिरात मात्र तिघांना एकच आकडा सांगते. तो आकडा खोटा ठरला की माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर दुसऱ्या जाहिरातीकडे वळतो, नाहीतर ‘आता काही होणार नाही’ म्हणून गप्प बसतो. दोन्हींत संसाराचं नुकसान आहे आणि कधी कधी जिवाचंही.

या लेखात आम्ही तीन गोष्टी सांगणार आहोत: कोणत्या कारणाला किती वेळ लागतो, ‘बरं होणं’ म्हणजे नेमकं काय, आणि या वेळेबद्दल आपली शरीअत व देशाचा कायदा काय म्हणतो. नवरा-बायकोने मिळून वाचावा असा हा लेख आहे. डॉक्टरांच्या तपासणीची जागा तो घेऊ शकत नाही. डॉक्टरांकडे कोणती अपेक्षा घेऊन जायचं, एवढंच तो सांगतो.

थोडक्यात

• मनावरच्या दडपणामुळे आलेली अडचण बहुतेकदा काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत सुटते.
• गोळी पहिल्याच दिवशी काम करू शकते, पण ती मूळ आजार बरा करत नाही.
• शुगर, बीपी, तंबाखू, वजन यांमुळे आलेल्या तक्रारीला तीन महिन्यांपासून वर्ष-दोन वर्षं लागतात. सुधारणा प्रत्येकात सारखी नसते.
• प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर दोन वर्षांपर्यंत वाट पाहावी लागते.
• चाळिशीनंतर नव्याने आलेली ताठरतेची तक्रार ही हृदयविकाराची आगाऊ सूचना असू शकते.

आधी तक्रार ओळखा

‘कमजोरी’ हा एकच शब्द आपण चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. पहिली, लिंगाला पुरेशी ताठरता न येणे किंवा ती न टिकणे. दुसरी, शीघ्रपतन, म्हणजे वीर्य फार लवकर बाहेर पडणे. युनानी हकीम याला सुरअत-ए-इन्जाल म्हणतात. तिसरी, इच्छाच कमी होणे. चौथी, लघवीतून किंवा झोपेत ‘धात जाते’ आणि त्यामुळे अंगातली ताकद गेली असं वाटणे. युनानीत याला जिरयान म्हणतात.

चौथ्या तक्रारीबद्दल आधीच स्पष्ट सांगतो. झोपेत वीर्य जाणे हा आजार नाही. शरीअतमध्येसुद्धा एहतेलाम ही मुलगा बालिग झाल्याची नैसर्गिक खूण मानली आहे. त्यावर गुस्ल सांगितला आहे, दवा सांगितलेली नाही. रक्ताचे अनेक थेंब आटून वीर्याचा एक थेंब बनतो, हा समज चुकीचा आहे. वीर्याचा बहुतेक भाग हा प्रोस्टेट आणि शेजारच्या ग्रंथींमधला स्राव असतो आणि तो रोज नव्याने तयार होतो. भारतीय मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या चिंतेला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. यात वीर्य जाण्याने होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त त्रास त्याच्या भीतीने होतो. नीट समजावून सांगणारा डॉक्टर मिळाला की बऱ्याच जणांना काही भेटींतच उतार पडतो. सोबत उदासी किंवा सतत काळजी असेल तर तिचा वेगळा इलाज लागतो.

आणखी एक गल्लत फार होते. मूल न होणे आणि ताठरता न येणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत. ताठरता उत्तम असलेल्या पुरुषाच्या वीर्यात शुक्रजंतू कमी असू शकतात, आणि ताठरतेची तक्रार असलेल्याचे शुक्रजंतू ठणठणीत असू शकतात. म्हणून मूल होत नाही तेव्हा फक्त सुनेला डॉक्टरांच्या फेऱ्या मारायला लावू नयेत. नवऱ्याची वीर्यतपासणी ही सगळ्यात सोपी तपासणी आहे, ती पहिल्यांदा करावी.

‘बरं होणं’ म्हणजे काय?

इथंच बहुतेकांची अपेक्षा चुकते. बरं होण्याचे तीन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात कारणच दूर होतं आणि औषधाशिवाय सगळं पूर्ववत होतं. मनाचं दडपण, एखाद्या औषधाचा दुष्परिणाम, थायरॉइड किंवा हार्मोनचा बिघाड यांत हे बरेचदा घडतं. दुसऱ्या प्रकारात मूळ आजार राहतो, पण औषध घेतलं की संबंध नीट होतात. चष्मा लावला की दिसतं, काढला की अंधूक, तसं हे आहे. जुन्या शुगरच्या रुग्णांत हा प्रकार जास्त दिसतो. तिसऱ्या प्रकारात गोळीने भागत नाही आणि व्हॅक्युम पंप, इंजेक्शन किंवा ऑपरेशनने बसवलेलं इम्प्लांट वापरावं लागतं. तिन्ही प्रकारांत संसार सुरळीत चालू शकतो. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात मोडलो म्हणजे इलाज फसला, असं नाही.

सुधारणा मोजायची कशी? डॉक्टर त्यासाठी पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरतात. एकूण गुण २५. २२ किंवा जास्त गुण म्हणजे तक्रार नाही. १७ ते २१ म्हणजे सौम्य. ७ किंवा कमी म्हणजे तीव्र. इलाज सुरू करताना आणि दर तीन महिन्यांनी ती भरावी. ९ वरून १६ वर आलेला माणूस ‘अजून बरा नाही’ म्हणून निराश होतो, पण कागद सांगतो की तो अर्ध्याहून जास्त वाट चालून आलाय.

शीघ्रपतनाच्या बाबतीत तर वेळेचीच कल्पना चुकीची असते. मोबाईलवरचे अश्लील व्हिडिओ पाहून अर्धा तास ही साधी गोष्ट वाटू लागते. पाच देशांतल्या सुमारे ५०० जोडप्यांनी घड्याळ लावून केलेल्या एका अभ्यासात मध्यम वेळ ५.४ मिनिटं निघाला. सुरुवातीपासून साधारण एका मिनिटात वीर्यपतन होत असेल, किंवा आधी ठीक असून आता तीन मिनिटांच्या आत येऊ लागलं असेल, आणि त्याचा दोघांना त्रास होत असेल, तरच डॉक्टर त्याला आजार म्हणतात. चार-पाच मिनिटांवाल्याला इलाजाची गरज नाही, व्हिडिओ बंद करण्याची आहे. तेही हराम, आणि अपेक्षा बिघडवणारंही.

कारण तसा कालावधी

मनाचं दडपण. नव्या लग्नात ही तक्रार फार दिसते. पहिल्या रात्रीची धास्ती, एका खोलीच्या घरात पलीकडे झोपलेले आई-वडील, चार जणांचे टोमणे. एकदा जमलं नाही की पुढच्या वेळी ‘आज तरी जमेल का’ ही काळजीच अडथळा बनते. याची खूण सोपी आहे: सकाळी उठताना किंवा झोपेत ताठरता येते, पण ऐन वेळी येत नाही, आणि तक्रार एकदम सुरू झालेली असते. यावर डॉक्टर काही आठवडे संभोग टाळायला सांगतात आणि फक्त जवळीक, स्पर्श, गप्पा यांवर भर देतात. परीक्षा संपली की भीती जाते. साधारण काही आठवडे ते तीन महिने एवढा वेळ धरावा. घरात एकांत नसेल तर वडीलधाऱ्यांनी तो मिळवून द्यावा. ही गोष्ट कुठल्याही माजूमपेक्षा जास्त कामाची आहे.

शुगर आणि बीपी. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. वाढलेली शुगर रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही खराब करते, आणि ताठरतेला दोन्ही लागतात. इथं पहिला हिशोब तीन महिन्यांचा, कारण एचबीए१सी ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगते. शुगर आटोक्यात आणून सोबत गोळी घेतली तर तीन ते सहा महिन्यांत फरक दिसायला लागतो. पण नसांचं जुनं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही, म्हणून इथं चष्म्यासारख्या इलाजाची तयारी ठेवावी.

तंबाखू, सिगारेट, वजन. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तोंडात काही ना काही असतंच. तंबाखू रक्तवाहिन्या आकसवते. ती सोडल्यावर सुधारणा महिन्यांच्या हिशोबाने होते, दिवसांच्या नाही. वजनाबद्दल इटलीतला २००४ चा एक अभ्यास आशा देणारा आहे. त्यात ताठरतेची तक्रार असलेल्या ११० लठ्ठ पुरुषांपैकी निम्म्यांना आहार आणि व्यायामाचा कडक कार्यक्रम दिला. दोन वर्षांनी त्या गटातल्या साधारण एक तृतीयांश पुरुषांची तक्रार कोणत्याही गोळीशिवाय गेली होती. नुसता तोंडी सल्ला मिळालेल्या दुसऱ्या गटात असे फक्त तीन जण होते. दोन्ही बाजू लक्षात ठेवा: फरक पडतो, आणि त्याला दोन वर्षं लागली.

हार्मोन. टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर इच्छा आधी जाते. ही तपासणी सकाळी लवकर आणि दोनदा करायची असते. इलाजानंतर इच्छा तीन ते सहा आठवड्यांत परत येऊ लागते, ताठरतेला सहा महिन्यांपर्यंत लागू शकतात. एक मोठा धोका: बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीरातलं शुक्रजंतू बनणं मंदावतं किंवा थांबतं. मूल हवं असलेल्याने, आणि जिममध्ये इंजेक्शन घेणाऱ्या पोरांनी, हे नीट ऐकावं.

चालू औषधं. बीपीची काही औषधं, डिप्रेशनची औषधं यांमुळेही तक्रार येते. औषध बदललं की काही आठवड्यांत फरक पडू शकतो. पण बीपीची गोळी स्वतःहून बंद करणं म्हणजे झटक्याला बोलावणं. बदल डॉक्टरच करतील.

शीघ्रपतन. रोजच्या गोळीचा परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. गरजेपुरती घ्यायची गोळी संबंधाच्या एक ते तीन तास आधी घेतात. सोबत थांबत-थांबत सराव करण्याची पद्धत शिकवतात, तिला दोन-तीन महिने द्यावेत. नुसती गोळी घेतली आणि सराव केला नाही, तर गोळी बंद केल्यावर तक्रार बरेचदा परत येते.

ऑपरेशननंतर. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये ताठरतेच्या नसा दुखावतात. त्या सावरायला दीड ते दोन वर्षं लागतात. बाकी सगळं फसल्यावर बसवतात ते इम्प्लांट. त्यानंतर संबंधाला साधारण सहा आठवडे थांबावं लागतं. ते काढून टाकलं तरी नैसर्गिक ताठरता परत येत नाही, म्हणून तो शेवटचा पर्याय.

गोळी काय करते, काय करत नाही

‘वायग्रा’ या नावाने ओळखलं जाणारं सिल्डेनाफिल मुळात हृदयाच्या दुखण्यासाठी तपासलं जात होतं. अमेरिकेत २७ मार्च १९९८ रोजी त्याला ताठरतेच्या तक्रारीसाठी मंजुरी मिळाली. ही गोळी लिंगाच्या रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करते. ती इच्छा निर्माण करत नाही, वीर्य वाढवत नाही, आणि मनात ओढ नसेल तर काम करत नाही. दहापैकी साधारण सहा-सात पुरुषांना तिचा फायदा होतो. शुगर असणाऱ्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं.

‘एकदा घेतली, काही झालं नाही’ म्हणून गोळी फेकून देणारे पुष्कळ असतात. योग्य मात्रेत, योग्य पद्धतीने किमान सहा ते आठ वेळा घेतल्याशिवाय ती लागू पडत नाही असं म्हणता येत नाही. सिल्डेनाफिल तेलकट, भरपेट जेवणावर घेतली तर उशिरा आणि कमी काम करते. टाडालाफिलला जेवणाची अडचण नसते आणि तिचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहू शकतो. रमजानमध्ये दोन्ही इफ्तारनंतरच घ्यायच्या. पण भजी, समोसे, बिर्याणी खाऊन लगेच सिल्डेनाफिल घेऊन उपयोग नाही. रमजानात शुगर-बीपीच्या औषधांच्या वेळाही डॉक्टरांकडून आधी बदलून घ्याव्यात.

ही चिठ्ठीवर मिळणारी औषधं आहेत, मेडिकलवाल्याला हळूच विचारून घ्यायची नाहीत. कारण जिवाचं आहे: छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ही गोळी घेतली तर बीपी एकदम कोसळून मृत्यू होऊ शकतो. ही गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगा की मी अमुक गोळी घेतली आहे. तिथं लाजलात तर डॉक्टर नकळत नायट्रेट देतील. ताठरता चार तासांहून जास्त टिकली किंवा एकाएकी दिसेनासं झालं तर थेट इमर्जन्सीत जा.

हृदयाचा इशारा

लिंगाच्या रक्तवाहिन्या साधारण एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबीचा थर दोन्हीकडे बसतो, पण बारीक नळी आधी तुंबते. म्हणून ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या साधारण दोन ते पाच वर्षं आधी येऊ शकते. चाळिशीच्या पुढे ही तक्रार नव्याने सुरू झाली तर शुगर, बीपी, कोलेस्ट्रॉल आणि ईसीजी या तपासण्या झाल्याच पाहिजेत. भिंतीवरच्या नंबरवाला यातलं काही करत नाही. तो कमजोरीची पुडी देतो आणि येऊ घातलेला हार्ट अटॅक तसाच राहतो. हीच सगळ्यात महाग फसवणूक आहे.

एक घरगुती अंदाज: दोन जिने न थांबता चढून छातीत दुखत नसेल, दम लागत नसेल, तर संबंधाचा ताण हृदयाला बहुधा झेपतो. दम लागत असेल तर आधी हृदयाचा डॉक्टर, मग बाकीचं.

एक वर्षाची मुदत

आता शरीअत आणि कायदा. फिकहमध्ये संबंध ठेवू न शकणाऱ्या पतीला इन्नीन म्हणतात. पत्नीने काझीकडे तक्रार केली आणि ती खरी ठरली, तर काझी लगेच निकाह तोडत नाही. तो पतीला एक चांद्र वर्षाची मुदत देतो. हनफी ग्रंथांत हा निर्णय हजरत उमर (रजि.) यांच्यापासून चालत आल्याचं सांगितलं आहे, आणि त्याचं कारणही दिलं आहे: वर्षात चारही ऋतू येऊन जातात, दुखणं तात्पुरतं असेल तर एखाद्या ऋतूत ते सुधारेल. ज्याचं लिंगच कापलं गेलं आहे, त्याला मात्र ही मुदत नाही. म्हणजे बरं होण्याची शक्यता जिथं आहे तिथंच वाट पाहायला सांगितलंय.

देशाच्या कायद्यातही हाच आकडा आहे. १७ मार्च १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यानुसार, पती निकाहाच्या वेळी नपुंसक होता आणि अजूनही आहे, या कारणावर पत्नी न्यायालयाकडून निकाह रद्द करून घेऊ शकते. पण पतीने अर्ज केला तर न्यायालय त्याला एक वर्ष देतं. त्या वर्षात आपण बरे झालो असं त्याने न्यायालयाला पटवून दिलं, तर या कारणावर हुकूमनामा मिळत नाही. निकाहानंतर कित्येक वर्षांनी शुगरमुळे आलेली तक्रार या कलमात बसत नाही. पत्नीचा मेहरचा हक्क या कायद्याने कमी होत नाही.

वरच्या कालावधींशी ही मुदत ताडून पाहा. मनाचं दडपण तीन महिने, हार्मोन सहा महिने, शुगरची चार तिमाही तपासणी बारा महिने. वर्षभरात जवळजवळ प्रत्येक कारणाचा एक प्रामाणिक प्रयत्न पूर्ण होतो. म्हणून आमचं सांगणं असं: पतीला सात दिवसांत निकाल मागू नका, आणि पत्नीला सात वर्षं ‘सबर कर’ म्हणून गप्प बसवू नका. वर्ष हे इलाजासाठी आहे, टाळाटाळीसाठी नाही. जो नवरा डॉक्टरांकडे जायलाच तयार नाही, तो ही मुदत वापरत नाही, वाया घालवतो. आणि मुलीच्या माहेरच्यांनी पहिल्याच महिन्यात खुलाची भाषा सुरू करणंही घाईचं.

वर्ष कसं वापरावं?

पहिला महिना: नोंदणीकृत डॉक्टरांना भेट, शुगर, एचबीए१सी, कोलेस्ट्रॉल, बीपी, गरज असेल तर हार्मोन. चालू औषधांची यादी सोबत न्यावी. प्रश्नावली भरावी.

दुसरा-तिसरा महिना: तंबाखू बंद, रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणं, झोप वेळेवर. डॉक्टरांनी दिलेली गोळी ठरलेल्या पद्धतीने सहा-आठ वेळा. मनाचं कारण असेल तर समुपदेशन, शक्यतो दोघांनी मिळून.

चौथा ते सहावा महिना: पुन्हा शुगर, पुन्हा प्रश्नावली. फरक नसेल तर मात्रा किंवा गोळी बदलणं, लिंगाच्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी.

सहा महिन्यांनंतर: पंप, इंजेक्शन असे पुढचे पर्याय. वर्षअखेरीस डॉक्टरांकडून स्पष्ट उत्तर घ्यावं: आपण कोणत्या प्रकारात बसतो?

गल्फवरून येणाऱ्यांसाठी खास सूचना. एका महिन्याच्या सुट्टीत हे वेळापत्रक बसत नाही. शुगर, बीपी आणि तंबाखूचं काम तिकडेच तीन-चार महिने आधी सुरू करा. वर्षभराच्या दुराव्यानंतर पहिले काही दिवस अडखळणंही नैसर्गिक आहे. त्याला आजार समजून रस्त्यावरची पुडी खाऊ नका.

जाहिराती, कुश्ते आणि कायदा

१९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्यानुसार लैंगिक शक्ती वाढवण्याच्या किंवा नपुंसकत्व बरं करण्याच्या औषधाची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद. या कायद्याला हमदर्द दवाखान्याने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. १८ डिसेंबर १९५९ च्या निकालात न्यायालयाने कायद्याचा काही भाग रद्द केला, पण असल्या जाहिरातींवरची बंदी कायम ठेवली. म्हणजे खांबावरचा तो कागद पासष्ट वर्षांहून जास्त काळ बेकायदेशीर आहे.

‘जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही’ हेही तपासून घ्या. लगेच असर करणाऱ्या ‘हर्बल’ गोळ्यांत गुपचूप सिल्डेनाफिल मिसळल्याचं तपासणीत वारंवार आढळलं आहे. अशी गोळी सॉर्बिट्रेटवर असलेल्या माणसाने खाल्ली तर काय होईल, ते वर सांगितलंच आहे. नीट न बनवलेल्या कुश्त्यांत पारा, शिसं, आर्सेनिक असू शकतं आणि त्याने मूत्रपिंडं खराब होतात.

याचा अर्थ युनानी खोटं, असा नाही. युनानी तिबमध्ये इलाजाची सुरुवातच असबाब-ए-सित्ता जरूरियापासून होते: हवा, खाणं-पिणं, शरीराची हालचाल व आराम, मनाची हालचाल व आराम, झोप-जाग, आणि शरीरात राहणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या गोष्टी. हे सहा न विचारता थेट माजूमची बरणी पुढे करणारा हकीम आपल्याच शास्त्राला धरून चालत नाही.

कुठं जावं?

शुगर-बीपीच्या तपासणीसाठी जवळचा पालिकेचा दवाखाना किंवा भाईंदर पश्चिमेला टेंभ्याचं भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय. पुढच्या तपासणीसाठी परळचं केईएम रुग्णालय, डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा विभाग तिथंच उभा केला. तिथं यूरोलॉजी आणि मानसोपचार हे विभागही आहेत. युनानी इलाज हवा असेल तर भायखळ्याला जे. जे. रुग्णालयाच्या आवारातली केंद्र सरकारची युनानी संशोधन संस्था किंवा वर्सोव्याचं अंजुमन-ए-इस्लामचं तिब्बिया कॉलेज. मनावरचा ताण बोलून दाखवायचा असेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास चालते.

डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. अ‍ॅलोपॅथीसाठी महाराष्ट्र मेडिकल काउन्सिल, युनानी-आयुर्वेदासाठी महाराष्ट्र काउन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन. जो नंबर सांगत नाही, तपासणी न करता औषध देतो, बाटलीवर नाव-घटक नसलेलं काहीतरी हातात ठेवतो आणि पूर्ण पैसे आगाऊ मागतो, तिथून उठून यावं.

पत्नीसाठी आणि घरच्यांसाठी

नवरा-बायकोतली गोष्ट चारचौघांत सांगू नये, ही प्रेषित (स.) यांची शिकवण आहे. ती नणंद, मावशी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांना लागू होते, डॉक्टरांना नाही. इलाजाच्या गरजेपुरती सतर दाखवायची परवानगी उलेमांनी दिली आहे. हया आपल्या ईमानचा भाग आहे, पण हयेच्या नावाखाली आजार लपवणं ही हया नव्हे.

पत्नीला बरोबर घेऊन जाणाऱ्याचा इलाज सोपा होतो. ती टोमणा मारत नाही, मोजत बसत नाही, हे कळलं की निम्मं दडपण उतरतं. तिनेही ‘मी आवडत नाही म्हणून असं होतं’ हा समज काढून टाकावा. हा रक्तवाहिन्यांचा, नसांचा, काळजीचा मामला आहे. सासूबाईंनी नव्या जोडप्याला पहिल्या महिन्यापासून ‘खुशखबर कधी’ विचारणं थांबवावं. आणि जुम्याला तब्येतीविषयी बोलताना इमामसाहेबांनी कधीतरी या विषयावर दोन वाक्यं बोलली, तर कितीतरी तरुण भिंतीवरचा नंबर लावण्याआधी थांबतील.

शिफा देणारा अल्लाह आहे, आणि इलाज करणं ही आपल्यावर टाकलेली जबाबदारी. पहिल्या भेटीची तारीख या आठवड्यातच घ्या, ती कॅलेंडरवर लिहा, आणि तीन-तीन महिन्यांच्या चार खुणा करून ठेवा. पुढचं वर्ष त्या चार खुणांनी मोजा.